तेवीस वर्षांची काकू

श्रावणकाकांच्या घरी बायकांचं मासिक येत असे, पण ते वाचण्यासाठी नव्हे. काका विणकर. भंडाऱ्याच्या आमच्या गल्लीत सगळेच विणकर, घरटी एक तरी माग, आणि काकांकडे दोन. महिन्यातून एकदा ते कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, तयार साड्या घेऊन नागपूरच्या व्यापाऱ्याकडे जात आणि परत येताना बसस्टँडवरून मासिक घेऊन येत. मुखपृष्ठावरच्या बाईकडे ते ज्या एकाग्रतेनं बघत, ती नवख्या माणसाला खटकली असती. पण काकांना बाईचा चेहरा कधीच आठवत नसे. तिच्या साडीचा काठ किती बोटं रुंद होता आणि पदरावरची वेल कुठून वळली होती, ते मात्र सहा महिन्यांनीसुद्धा सांगत. आवडलेल्या साडीचं चित्र ते कात्रीनं कापून मागाच्या खोलीत भिंतीवर खळीनं चिकटवत. त्यामुळे मासिकातल्या पुष्कळ कथांचे शेवट आम्हाला कधी कळलेच नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून चिकटलेले असत.

मला आमच्या गावाहून, कोंढ्याहून, शिक्षणासाठी काकांकडे ठेवलं होतं. मी त्या वर्षी मॅट्रिकला होते, म्हणजे घरातली सर्वांत विद्वान व्यक्ती होते, आणि तसं वागतही होते. दुपारी लाखोळीची डाळ आणि भात असं जड जेवण झालं की गिरजाकाकू रहाटाशी बसून कांड्या भरायची, म्हणजे विणायचं सूत छोट्या नळकांड्यांवर गुंडाळायची. शालूवहिनी, म्हणजे काकूची सून, रमेशदादाची बायको, लडीतला गुंता सोडवत बसायची, आणि मी मोठ्यानं मासिक वाचायची. पलीकडच्या खोलीत काकांचा माग खटखटत असे. मी एखाद्या रंगात आलेल्या जागी पोचले की तो खटखटाट हळू होई, आणि तेवढ्यावरून आम्हाला कळे की काका ऐकतायत. काकूला कथांपेक्षा विणकामाचे नमुने आवडत. भंडाऱ्याच्या उन्हात, अंगाला अंग लावायची सोय नाही अशा दिवसांत, मी तिला लोकरी स्वेटरच्या बाहीचे टाके वाचून दाखवले आहेत. दोन सुलट, एक उलट. ती मान डोलवायची आणि म्हणायची, "आवं, हे तं हिसोबाचं काम आहे."

मासिकात एक पान होतं, 'डॉक्टरताईंना विचारा' नावाचं. ते मी गाळायची. पाठ करण्याइतकं वाचलेलं असायचं, पण मोठ्यानं नाही. ते मी आधी आणि शालूवहिनी माझ्यानंतर वाचते हे आम्हा दोघींना माहीत होतं, आणि त्यावर आम्ही एकमेकींशी अवाक्षर बोललो नव्हतो. काकू कधीकधी विचारायची, "मदलं पान काहून गाळतेस वो?" मी सांगायची, जाहिरात आहे.

त्या पानाचा माझ्याइतका अभ्यास तेव्हा जिल्ह्यात कुणाचा नसावा. त्या मासिकाच्या मते बाई जन्मापासून सोळाव्या वर्षापर्यंत नसतेच. सोळाव्या वर्षी ती मुरमांच्या रूपानं प्रकट होते. विसाव्या वर्षी तिचं लग्न होतं आणि ती इतकी लाजते की नवऱ्याला डॉक्टरताईंना पत्र लिहावं लागतं. पंचविसाव्या वर्षी लाज संपते आणि थकवा सुरू होतो. तिसाव्या वर्षी तिनं रोज संध्याकाळी तोंड धुऊन, गजरा माळून नवऱ्याला घरात रस वाटेल असं वागायचं असतं. पस्तिशीपर्यंत हे चालतं. आणि चाळिसाव्या वाढदिवशी, नेमक्या कुठल्या पानावर कळत नाही, ती मासिकातून खाली पडते. मग थेट साठीला दिसते, गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत, मांडीवर नातू घेऊन. मधल्या वीस वर्षांत ती काय करते, तिच्या अंगात काय होतं, तिला काय हवंसं वाटतं, याबद्दल एक ओळ नाही. लोणचं घालत असावी.

गिरजाकाकू अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

त्या वर्षी होळीनंतर तिचं काहीतरी बिनसलं. भर जेवणात ताट सारून ती माठाशी जायची आणि गडवाभर पाणी मानेवर ओतून घ्यायची. कारण नसताना वहिनीवर ओरडायची आणि मग स्वतःच डोळे पुसायची. आणि एके सकाळी आम्ही पाहिलं तर काकांची खाट मागाच्या खोलीत गेलेली. दोघांचं भांडण झालेलं नव्हतं. काकूनं नुसतं सांगितलं होतं, आजपासून तुम्ही तिकडं. गल्लीत ही गोष्ट दुपारपर्यंत पोचली आणि सगळ्यांना पसंत पडली. शेजारच्या सरुबाई तर अभिनंदन करायलाच आल्या. "बरं केलं गिरजाबाई. सून पोटुशी आहे घरात. आता सासूनं खाट सोडाच लागते. शोभते का?" आमच्याकडे तसा दंडकच होता. सून आली की सासूनं हिरव्या बांगड्या कमी कराव्यात, गजरा सुनेला द्यावा आणि स्वतः देवळाच्या वाटेला लागावं. काकू सरुबाईंसाठी चहा करायला उठली. आणि तो तिनं बिनसाखरेचा दिला.

काका मुकाट्यानं खाट घेऊन गेले, पण त्यांचं काम बिघडलं. तीस वर्षांत ज्यांच्या काठात धागा चुकला नाही त्यांनी एका साडीला दोन बाजूंना दोन वेगळे काठ घातले आणि व्यापाऱ्यानं ती परत केली. एकदा मला एकटीला गाठून ते म्हणाले, "बेबी, तुह्या काकूले म्या काही बोललो का गा?" मुलीला 'गा' म्हणत नाहीत, तो पुरुषांसाठीचा शब्द. पण त्यांचं लक्षच कुठं होतं. मला त्या म्हाताऱ्या माणसाची फार दया आली. म्हातारा म्हणतेय खरी, पण ते तेव्हा बावन्न वर्षांचे होते. मी आज त्यांच्याहून पुष्कळ मोठी आहे आणि मला कुणी म्हातारी म्हटलं तर रागानं बघते.

खरं काय ते काकूनंच मला सांगितलं. वहिनी आत झोपली होती. काकूनं रहाट थांबवला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले वाटते मले दिवस गेले."

मी हातातलं मासिक मिटलं. ती म्हणाली, तीन महिने झाले, पाळी नाही. "सून पाचव्यात, सासू तिसऱ्यात. दोघीचं डोहाळजेवण संगच करा म्हणावं. एकच मांडव पुरन." आणि ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तिनं मला कमरेला बांधलेला कोशाचा धागा दाखवला. दर सोमवारी ती त्यानं पोट मोजत होती आणि एकेक गाठ मारत होती. गाठी सगळ्या जवळजवळ एकाच जागी होत्या, पण भीतीला माप दिसत नाही. आमच्या भागातल्या डॉक्टरांचा कंपाउंडर गल्लीतलाच होता, त्यामुळे तिकडे जाणं म्हणजे दवंडी पिटणं. आणि तिनंच काकांची खाट काढली होती, ती देवळाच्या ओढीनं नव्हे. "ते जवळ असले तं मले राहवत नाही वो," ती मान खाली घालून म्हणाली. "आन आता तं भेव लागते." सोळा वर्षांच्या मुलीला हे सांगायला तिला किती लाज वाटली असेल! पण दुसरं होतं कोण? लिहिता येणारी आणि सून नसलेली तेवढी मीच होते, आणि तिला पत्र लिहायचं होतं. मी गाळते ते पान जाहिरातीचं नाही, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

मी कागद घेतला. काकू सांगत गेली. पाळी तीन महिने नाही. अंगातून वाफा निघतात. झोप नाही. चिडचिड होते. नवऱ्याजवळ जावंसं वाटतं पण भीती वाटते. हे मी सगळं शुद्ध मराठीत उतरवलं, आणि मग वयाच्या जागी आले. आता मी त्या पानाची जाणकार. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईचं पत्र त्यांनी आजवर एकदाही छापलेलं नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. छापलं नाही तर उत्तर नाही, आणि उत्तर नाही तर काकू वेडी होणार. म्हणून मी काकूला न विचारता, शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करावी इतक्या सहजपणे, लिहिलं: वय तेवीस. आणि वजन यावं म्हणून पुढे जोडलं: नवविवाहिता. खाली, सौ. गि., भंडारा. पाकीट चिकटवून मी स्वतः टपालात टाकलं आणि फार हुशारी केल्याच्या आनंदात घरी येऊन दोन वाट्या शेवयांची खीर खाल्ली.

पुढचा अंक कोरा गेला. त्यानंतरचा अंक आला तेव्हा वहिनीला सातवा लागला होता आणि खरोखरच डोहाळजेवणाची तयारी चालली होती. काकू दुपारी कांड्या भरत होती, वहिनी भिंतीला टेकून बसली होती, सरुबाई तांदूळ निवडायला मदतीला आल्या होत्या. मासिक माझ्या हाती पडायच्या आत काकांनी उचललं. ते मागावर बसले होते, पाय मागाखालच्या खड्ड्यात, मधलं दार उघडं. एका पानावर त्यांना हव्या तशा काठाची साडी दिसली. ती बघता बघता त्यांची नजर समोरच्या पानावर गेली.

"अरे! आपल्या भंडाऱ्याची कोणी बाई आहे पाहा!" ते खुशीत ओरडले आणि मोठ्यानं वाचायला लागले. घरात मासिक मोठ्यानं वाचायचीच रीत होती, त्यांचा काय दोष? त्यांनी पाळीपासून वाफांपर्यंत सगळं वाचलं. 'नवऱ्याजवळ जावेसे वाटते पण भीती वाटते' इथे थांबून त्यांनी जीभ चावली. "नवऱ्याले भेते म्हणते बिचारी. काय राक्षस असन बाप्पा तो नवरा!"

काकूचा रहाट थांबला. मी डाळीच्या डब्यामागे जागा मिळते का ते बघत होते.

"डॉक्टरबाई काय म्हणते?" सरुबाईंनी विचारलं. त्यांचे हात तांदळात तसेच राहिले होते.

काकांनी उत्तर वाचलं. "अभिनंदन! वाचकभगिनी, तुम्ही आई होणार आहात. तुम्हाला जाणवणारी लक्षणं या अवस्थेत स्वाभाविक आहेत. लाजू नका. ही गोड बातमी आधी सासूबाईंच्या कानात सांगा. त्या तुम्हाला पोटाशी धरतील."

काकूची सासू वारून अठरा वर्षं झाली होती, आणि ती काही कुणाला पोटाशी धरणाऱ्यांतली नव्हती. काकूचा चेहरा पांढराफटक पडला. सरुबाईंनी मात्र पत्राचा निकाल लगेच लावला. "तेवीस वर्षांची म्हणता ना? गि. म्हणता? ते कोपऱ्यावरची गीता असन. मले वाटलंच होतं." आणि त्या अर्धवट निवडलेले तांदूळ तिथेच टाकून गीताच्या सासूला पोटाशी धरण्याची आठवण करून द्यायला निघून गेल्या. कोपऱ्यावरच्या गीताला त्या महिन्यात सगळ्यांनी आग्रहानं कैऱ्या नेऊन दिल्या. तिला शेवटपर्यंत कळलं नाही का ते.

काकू मला ओढत परसात घेऊन गेली. "तेवीस काहून लिवलं?" मी सगळं कबूल केलं. अठ्ठेचाळीसचं छापत नाहीत, म्हणून. मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण तिच्या आवाजात असं काही होतं की मला थप्पड परवडली असती. "म्हणजे ते डॉक्टरबाई मले नाहीच बोलली. दुसऱ्याच पोरीले बोलली." मग तिनं पदर खोचला. "चाल. झिंगे आणाले जाऊ."

झिंगे, म्हणजे नदीतली कोळंबी, कारध्याला मिळतात, वैनगंगेच्या पलीकडे. पण कारध्याला एक सरकारी नर्सही राहत होत्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, आवाज पोलिसासारखा. त्या आमच्या गल्लीत कुणाला ओळखत नव्हत्या, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण. पूल ओलांडताना काकू माझ्या चार पावलं पुढं चालली. नर्सबाईंनी वही उघडली आणि विचारलं, "वय?"

काकूनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिले विचारा. खरं पायजे का छापाचं?"

नर्सबाईंना सगळी हकीकत सांगावी लागली. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर डोकं ठेवून इतक्या हसल्या की बाहेर बसलेली बाई आत डोकावली. मग त्यांनी मला बाहेर काढलं, काकूला तपासलं, आणि पुन्हा आत घेतलं. "दिवस-बिवस काही नाही गेले. पाळी जायचं वय आहे हे. वाफा निघणं, झोप न येणं, चिडचिड, सगळं त्याचंच. रोग नाही. उतरते हळूहळू."

काकूनं डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, झालं, आता निघायचं. मी पिशवीसुद्धा उचलली. पण काकू स्टुलावरून उठेना. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"मंग बाई," ती शेवटी म्हणाली, "आता ते... बंद कराच लागते का? सून आली घरात. लोक म्हणतात, शोभत नाही."

नर्सबाईंनी हसणं थांबवलं. "तुम्हाले बंद कराचं आहे का?"

काकूनं मान हलवली. नाही. अगदी बारीक, पण मी पाहिलं.

"मंग कोण्या लोकायची खाट आहे ते? पाळी जाते गिरजाबाई, माणूस नाही जात. नवरा चांगला आहे ना?"

"लय चांगला आहे वो," काकू म्हणाली आणि तिला हुंदका आला.

एवढंच. हे दोन वाक्यांचं उत्तर त्या मासिकानं मी वाचलेल्या इतक्या अंकांत कधी दिलं नव्हतं. हल्ली देतात. परवाच माझ्या सुनेनं मला फोनवर एक लेख पाठवला, 'साठीनंतरही बहरा!' म्हणून. त्यात पांढऱ्या केसांची एक सडपातळ बाई समुद्रावर धावतेय आणि शेजारी तिनं रोज काय काय करायचं याची यादी आहे. पूर्वी चाळिशीला पानावरून खाली ढकलायचे, आता सत्तरीलाही उतरू देत नाहीत. दोन्ही वेळा बाईला काय हवं ते विचारलेलं नाही ते नाहीच. मी त्या लेखाला अंगठा दाखवला आणि वरणाला फोडणी घातली.

नर्सबाईंनी बजावलं की अजून वर्ष-दोन वर्षं जपून राहायचं, पाळी पुरती गेल्याचं कळेपर्यंत दिवस राहणार नाहीत असा भरवसा नाही. मध्येच कधी जास्त रक्त गेलं किंवा थांबून पुन्हा सुरू झालं तर लाजत न बसता यायचं. आणि त्यांनी कपाटातून एक सरकारी पाकीट काढून काकूच्या हातावर ठेवलं. काकूनं ते पिशवीच्या तळाशी घातलं आणि वरून अर्धा शेर झिंगे घेतले, त्यामुळे घरी आल्यावर त्याला आठ दिवस नदीचा वास येत होता. हे मला माहीत असायचं कारण नाही, पण झिंगे निवडायला मीच बसले होते.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सरुबाई परत येऊन ओसरीवर बसल्या होत्या, वहिनी वांगी चिरत होती. काकू चपला काढून सरळ मागाच्या खोलीत गेली.

"रमेशचे बाबा, उठा. खाट उचला."

काका मागावरून वर बघत राहिले. "कुठं नेऊ?"

"जागेवर."

काकांनी आडवं सूत नेणारा धोटा हातातून खाली ठेवला. इतक्या हळू ठेवला की आवाज आला नाही. दोघांनी दोन बाजूंनी खाट धरली आणि दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, अंगणातून आणली. दारात ती अडकली. काका म्हणाले आडवी करा, काकू म्हणाली उभी करा, आणि त्यावरून ते दोघं इतक्या जोरात भांडले की मला कळलं, आता सगळं ठीक आहे. सरुबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "गिरजाबाई, अवं, सून पाहून राहिली!"

"पाहू दे ना," काकू खाटेखालून म्हणाली. "उद्या तिलेही अठ्ठेचाळीस लागन."

शालूवहिनीनं तोंडाला पदर लावला होता, पण ती हसत होती. मग तिनं पोट सांभाळत उठून दाराची दुसरी फळी उघडली आणि खाट आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मासिक उघडलं तर काकू म्हणाली, ते ठेव, कागद घे. मी पेन घेऊन बसले. ती रहाट फिरवत सावकाश सांगत होती आणि या वेळी मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

"लिव. माहं नाव गिरजा. वय अठ्ठेचाळीस. सून सातव्या महिन्यात आहे. पाळी गेली. नवऱ्याजवळ झोपतो. बरं चाललं आहे."

मी थांबले. पुढे काही येईना. "काकू, प्रश्न काय?"

"प्रश्न काही नाही."

"मग ते छापणार नाहीत."

काकूनं भरलेली कांडी काढून टोपलीत टाकली आणि नवीन लावली.

"नको छापू दे," ती म्हणाली. "त्यायले मालूम तं होऊ दे."